रामलिंग दाजींचा कन्व्हेक्शन धोंडा

माझ्या दाजींबद्दल मी तोंड उघडलं की आमची शिवकन्या आक्का डोळे मोठे करते. करू दे. मेव्हणीनं दाजींची चेष्टा करायची नाही तर काय तहसीलदारानं करायची?

रामलिंग दाजी नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात बाबू आहेत. उंची बेताची, मिशी मोजून कापलेली, आणि नियमाचं असं वेड की देवानं माणसाबरोबर माहितीपुस्तक का दिलं नाही, याचंच त्यांना वाईट वाटत असणार. घरात मिक्सरची वेगळी फाईल, कुकरची वेगळी, इस्त्रीची वेगळी. आक्कानं एकदा बाजारातून नवी खराटा-झाडणी आणली तर म्हणाले, "याचे कागद कुठायत?" मी समोर बसले होते, खोटं सांगत नाही. चहा नाकात गेला माझ्या.

मागच्या अधिक महिन्यात, म्हणजे तीन वर्षांखाली, माझ्या आईनं या माणसाला ओव्हन दिला. आमच्याकडची रीतच आहे ती. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला जेवायला बोलवायचं, कणकेत पुरण भरून केलेले धोंडे तुपासंगं वाढायचे आणि वाण म्हणून काहीतरी द्यायचं. लातूरच्या दुकानदारानं आईला सांगितलं, "मावशी, यात गरम होतंय, उकडतंय, भाजतंय, सगळंच होतंय." आईला वाटलं, लेकीचा उन्हाळ्यातला घाम वाचला. आमच्या गावाहून, शिरूर अनंतपाळहून, ते खोकं एसटीत शेजारच्या सीटवर बसवून, त्याचं तिकीट काढून, आई नांदेडला घेऊन गेली होती.

दाजींना एवढं भरून आलं की त्यांनी तो वापरलाच नाही. "मामींनी एवढ्या मायेनं दिला, खराब झाला तर?" असं म्हणून त्यावर आक्काच्या हातचा क्रोशाचा रुमाल घातला, रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी ठेवली आणि आत उडदाचे पापड भरले. पाहुणे आले की प्लग लावायचे. मग त्यात घड्याळ दिसायचं. तीन वर्षं त्या मशीननं नुसती वेळ दाखवली.

यंदा परत धोंड्याचा महिना आला, आणि त्याआधीच आई अंगणात घसरून पडली. उजवा हात मोडला. कोपराच्या वरपर्यंत प्लास्टर. मी तिला अहमदपूरला माझ्याकडं आणलं. पहिले पंधरा दिवस ती डाव्या हातानं घरातलं काहीबाही करत राहिली. मग एक दिवस भाजी निवडता निवडता पदर डोळ्याला लावला.

"तीस वर्षांत एकबी धोंडा चुकला न्हाई माझा. प्लास्टर सुटायच्या आत म्हयना सरतोय. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तवर मी हाय का न्हाई, कुणाला ठावं."

मला असला राग आला! "गप बस," म्हणाले, "काहीबी बोलतीस." आणि आत जाऊन विनाकारण भांडी घासत बसले, कारण रडू येत होतं. परत येऊन म्हणाले, "मी करते की धोंडे. नाहीतर आक्का करंल."

"तू केलंस तर तो तुझा धोंडा. सासूच्या हातचाच लागतोय."

मी दाजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं, "बरं" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. अर्ध्या तासानं परत त्यांचाच फोन. आवाज असा, जसं काही रेल्वेचा जुना नियम सापडलाय.

"राजकन्याबाई, एक सांगा. कणीक तुम्ही मळली, पुरण शिवकन्यानं वाटलं, पण शिजवलं मामींनी. तर धोंडा कुणाचा?"

"आईचा. पण ती एका हातानं शिजवणार कशी?"

"ओव्हनमधी. बटण दाबायला एकच बोट लागतंय. डावं बी चालतंय. पुस्तकात कुठं बी उजवं लिहिलेलं न्हाई."

"मग गॅसचं बटणबी डाव्या हातानं फिरतंय की!"

"गॅसवर आच कमी कोण करणार? झाकण कोण उचलणार? तो तुमचा हात लागला. इथं एकदा मामींनी बटण दाबलं की मधी कुणाचाच हात न्हाई. सगळं पुण्य मामींचं."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "जावई येडा हाय. पण बरोबर बोलायलाय."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, अमावास्येला, आम्ही दोघी नांदेडला पोचलो. ऊन असं की ऑटोची सीट चटके देत होती. घरात गेलो तर दाजींनी रजा टाकून तयारी केलेली. कुंडी गेली, क्रोशाचा रुमाल गेला, पापड डब्यात गेले. ओव्हन भिंतीपासून पुढं ओढून मागं चार बोटं जागा सोडलेली. "गरम हवा बाहेर जायला वाट पाहिजे. वर काही झाकायचं न्हाई," ते म्हणाले. प्लग मोठ्या सॉकेटात. आणि ओव्हनच्या कपाळावर हळदी-कुंकू. ते मात्र पुस्तकात नव्हतं.

मग दाजींनी आम्हाला नियम वाचून दाखवले. उभं राहून.

"एक. मायक्रोवेव्हवर धातू अजिबात न्हाई. स्टील न्हाई, तांब्या न्हाई, चमचा न्हाई, जरीच्या काठाची कपबशी बी न्हाई. ठिणग्या उडतात. दोन. रिकामा चालवायचा न्हाई. तीन. घट्ट झाकण लावायचं न्हाई, वाफ कोंडते."

आई पाटावर बसून ऐकत होती. "एवढे नियम तर माझ्या सासूलाबी नव्हते," ती म्हणाली.

कणीक मी मळली, आईनं आपला डावा हात माझ्या हातावर ठेवून. म्हणजे मळत होते मी आणि मळत होती ती. सात धोंडे पहिल्या खेपेला. शेवटचा एक मात्र आईनं मागून घेतला. आक्का तूप आणायला गेली होती, दाजी काचेचं भांडं पुसत होते. आईनं डाव्या हातानं कमरेची चंची सोडली आणि एक चांदीचं नाणं काढून पुरणात दाबलं. वर कणीक ओढली, आणि ओळखू यावा म्हणून त्या धोंड्याला चिमटीनं शेंडी काढली.

हे गुप्तदान. धोंड्यात दडवून द्यायचं, आणि देणाऱ्यानं कुणाला म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की पुण्य गेलं. मी तोंड उघडलं, तसं आईनं माझ्या बरगडीत प्लास्टर हाणलं. एवढं लागलं की बाई गं! मीही मनाची समजूत घातली, पुरणात दडलेलं नाणं मशीनला काय दिसणार?

सात धोंडे काचेच्या भांड्यात गेले. वर दोन चमचे पाणी शिंपडलं, काचेचं झाकण जरा तिरकं ठेवलं. दाजींनी मायक्रोवेव्हचा मोड लावला, मिनिटं लावली आणि बाजूला होऊन हात जोडले. "मामी, दाबा."

आईनं देवाचं नाव घेऊन डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं. आत दिवा लागला, तबकडी फिरायला लागली. आईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

मिनिटभरात कणीक तडकली आणि आतून तड्‌-तड्‌-चर्र असा आवाज! निळी ठिणगी! आक्का किंचाळली, मी आईला मागं ओढलं. दाजी मात्र गडबडले नाहीत. आधी बंदचं बटण, मग प्लग. दार उघडू दिलं नाही. घड्याळ बघून दोन मिनिटं थांबले, तोवर आक्का स्वयंपाकघराच्या बाहेर पोचली होती.

"धातू हाय," दाजी म्हणाले. "कुठंतरी धातू हाय."

मग सुरू झाली शोधाशोध. धोंडे ताटात काढून भांडं उलटंपालटं करून पाहिलं. तबकडी पुसली. दाजींनी हातातलं घड्याळ काढलं. आक्काला म्हणाले, "बांगड्या काढून लांब हो. जोडवीबी काढ."

"जोडवी काढू? तुम्ही जिते हाव की अजून!"

मग ते आईच्या प्लास्टरकडं बघायला लागले. "मामी, डाक्टरनं आत सळई-बिळई घातली का?" आई म्हणाली न्हाई. दाजी न्हाणीघरात गेले आणि दोन मिनिटांनी चांदीचा करदोरा हातात धरून बाहेर आले. एका हातानं लुंगी सावरत, दुसऱ्या हातानं करदोरा देव्हाऱ्यात ठेवत. मी हसून हसून भिंतीला टेकले. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की हसू घशातच राहिलं.

कारण आईची अवस्था बघवत नव्हती. सांगावं तर गुप्तदान गेलं. न सांगावं तर धोंडाच गेला. अमावास्या आजच, उद्या महिना संपलेला. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मी हळूच म्हणाले, "दाजी, तो शेंडीचा जरा बाजूला काढू का? वाकडा झालाय." तर आईच ओरडली, "हात लावू नगंस!"

दुसऱ्यांदा लावलं. दाजी या वेळेला दाराच्या काचेसमोर वाकून बसले, डोळे बारीक करून. आईनं बटण दाबलं. तबकडीचा अर्धा फेरा झाला आणि परत तड्‌! दाजींनी बंद केलं. उठले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. आईकडं पाहिलं. आई छताच्या पंख्याकडं बघत होती.

"चूक माझी हाय," दाजी म्हणाले. "मी मोडच चुकीचा लावला."

आक्काला तेवढंच पाहिजे होतं. "तीन वर्षं पुस्तक वाचून राहिले आन मोड चुकीचा! माझ्या आईला किती घाबरवलं! तुमच्या त्या फायली चुलीत घाला!" ती बोलत राहिली आणि दाजी "हाव, हाव" करत राहिले. त्यांनी लोखंडी जाळी काढली, आत ठेवली आणि मोड कन्व्हेक्शन केला.

"आता ह्याच्यात लोखंड चालतंय?" आक्का म्हणाली.

"चालतंय. ही नुसती गरम हवा हाय, पंख्यानं फिरणारी. मामी, आपण गोवऱ्यात रोडगे भाजतो की न्हाई, तसंच. ह्याला चांदीबी चालंल," असं म्हणून त्यांनी घाईघाईनं पुढं जोडलं, "स्टीलबी चालंल. फक्त प्लास्टिक चालत न्हाई. आन आधी रिकामा तापवायचा."

"आत्ता तर म्हणलाव रिकामा चालवू नका!"

"ते मायक्रोवेव्हला."

"मघाशी लोखंड नगं, आता पाहिजे. मघाशी रिकामा नगं, आता पाहिजे. ह्या मशीनचा सोभाव तुमच्या बापासारखाच हाय, जावईबापू," आई म्हणाली.

दाजी खळखळून हसले. ओव्हन एकशे ऐंशीवर तापला, मग धोंड्यांना तूप लावून ते जाळीवर मांडले. शेंडीचा मधोमध. दाजींनी स्वतः ठेवला, दोन बोटांनी, जपून. आईनं तिसऱ्यांदा बटण दाबलं, आणि मी डोळेच मिटले.

काही झालं नाही. पंख्याचा घुर्र आवाज, बस्स. वीस मिनिटांनी घरभर तुपाचा आणि भाजलेल्या कणकेचा वास सुटला. दाजींनी जाड हातमोजे घालून जाळी बाहेर काढली. धोंडे उकडलेल्या धोंड्यांसारखे पांढरे नव्हते, चांगले खरपूस तांबूस होते. आईनं वास घेतला आणि म्हणाली, "रोडग्याचाच मेव्हणा हाय की गं हा."

पाट मांडला, रांगोळी काढली. आईनं डाव्या हातानं वाढलं, डाव्या हातानं वाढते म्हणून तीनदा माफी मागून. शेंडीचा धोंडा दाजींच्या ताटात आला. तूप ओतलं. दाजींनी मोठा घास घेतला.

कट्‌. तो आवाज मला ऐकू आला, म्हणजे त्यांच्या दाढेला काय झालं असेल! डोळ्यांत टचकन पाणी आलं त्यांच्या.

"काय झालं हो?" आक्का म्हणाली.

"काई न्हाई," दाजी एका गालानं बोलले. दुसरा गाल फुगलेला. "लई चांगला झालाय. मामींच्या हातचाच हाय."

पुढचे सहा धोंडे त्या माणसानं एका बाजूनं चावून खाल्ले. बोलायचं झालं की नुसते मान हलवायचे. आई त्यांच्याकडं बघत होती, आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवली.

परवा मी परत नांदेडला गेले होते. दाजी ऑफिसातून यायचे होते. ओव्हनशेजारी नवी फाईल दिसली, तर मी कशाला सोडते? उघडली. पहिल्याच पानावर त्यांचं ठळक अक्षर.

"अमावास्या. धोंडे सात. मायक्रोवेव्हवर ठिणग्या, दोनदा. कन्व्हेक्शनवर ठीक. कारण माहीत आहे. मामींना विचारू नये."

आणि खाली लाल शाईनं, अधोरेखित: "पुढचा धोंडा तीन वर्षांनी. मामींच्याच हातचा. सरळ कन्व्हेक्शन लावणे."

मी फाईल होती तशी ठेवली. डोळे पुसले. दाजी आले, चप्पल काढून रांगेत लावली, हातपाय धुतले. मी चहा पुढं केला आणि विचारलं, "दाजी, दाढ कशी हाय आता?"

"कोणती दाढ?" दाजी म्हणाले, आणि कप उजव्या गालाकडून डाव्या गालाकडं नेला.