हात सोडला की सरळ होणारं विमान

गॅरेजात चेपलेल्या पत्र्यावर आणि घरात माणसांवर त्याचा हात सारखाच पडायचा. लोक त्याला हातोडी म्हणायचे, अर्थात तो लांब गेल्यावर. धाकट्या भावाचा डावा कान यानंच बहिरा केला होता. जेवता जेवता, एका थपडेत. कारण काय होतं ते आता दोघांनाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून भावानं बोलणं टाकलं.

भाऊ माळावर रिमोटची विमानं उडवायचा, नवख्यांना शिकवायचा. हातोडीचे केस पिकले तसा हा अबोला त्याला आतून जाळायला लागला. शेवटी भावजयीकडे निरोप धाडला, मलाही शिकव म्हणावं. उलट निरोप आला, "शिकाऊ विमान आणि चाळीसचं लहान इंजिन घेऊन ये. दुसरं काही आणणार असशील तर येऊच नकोस."

दुकानात मात्र त्याची नजर लढाऊ विमानावर गेली आणि त्याहून मोठ्या, साठच्या दणकट इंजिनावर.

"नवशिक्याच्या हातात त्याचा पहिल्याच दिवशी चुरा होतो," दुकानदार म्हणाला. "हे शिकाऊ बघा. पंख अंगाच्या वर, टोकांना उचललेले. घाबरलात तर नुसता हात सोडायचा, आपोआप सरळ होतं."

"मी घाबरणारा वाटलो का तुला?" हातोडीनं काउंटरवरून त्याची कॉलर धरली. बटण तुटून उडालं. तेवढ्यात भावाचा निरोप आठवला आणि त्यानं कॉलर सोडली. आजवर हे कधी घडलं नव्हतं. शिकाऊच घेतलं, इंजिनही चाळीसचंच.

इंजिन चालू करताना पुढचा पंखा काठीनं फिरवा, असं दुकानदारानं बजावलं होतं. पठ्ठ्यानं माळावर तो बोटांनी फिरवला. इंजिन फडफडून पेटलं आणि पात्यानं दोन बोटं हाडापर्यंत चिरली. पांढऱ्या पंखावर रक्त उडालं. शिव्या हासडत त्यानं हत्यारांची पेटी लाथेनं उडवली. भाऊ पुढं आला. त्यानं खिशातला रुमाल काढून बोटं करकचून बांधली. इतक्या वर्षांनी त्याचा हात लागला, तसं हातोडीला रडू यायला लागलं. ते त्यानं खोकून दडपलं.

भावानं विमान उंच चढवलं आणि रिमोटचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला. लांब जाताना सगळं झकास होतं. पण विमान तोंड फिरवून आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. सावरायला गेला आणि अधिकच कलंडवून बसला.

"दादा, हात सोड."

त्यानं रिमोटची कांडी मुठीत आवळली, कोंबडीची मान धरावी तशी.

"अरे, सोड म्हणतो ना."

भावानं रिमोट हिसकायला हात घातला. हातोडीच्या हातातलं काही हिसकायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. रुमाल बांधलेला हात कांडीवरून सुटला आणि खांद्याच्या वर गेला.

भावानं डावा कान झाकला. डोळे घट्ट मिटले. नातवंडं असलेला माणूस, शाळकरी पोरासारखा अंग चोरून उभा राहिला.

थप्पड पडली नाही. हात तसाच वर राहिला. तो खाली कसा आणायचा, हे हातोडीला कळेना. डोक्यावर विमान केव्हाच सरळ झालं होतं आणि आपल्या आपण संथ चाललं होतं. तिकडे दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं.