विंटर पार्किंगची मार्नी

मार्नी यानसेनने डेल ओब्रिकीच्या गॅरेजचं दार बाहेरून वर ढकललं, तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. आत डेल आणि टू वांग गिटार घेऊन बसले होते. ती दोघांना म्हणाली, "आठवडाभर रस्त्यावरून ऐकतेय. गाणं झकास आहे, पण मधेच त्याला धाप लागते. तुम्हाला ड्रमवाली पाहिजे."

डेल दचकला. टू हसला. "मग कुठे मिळेल ती?"

"ही काय, तुझ्या नाकासमोर उभी आहे!"

त्या दिवसापासून तिघांचा 'विंटर पार्किंग' हा बँड सुरू झाला. त्यांच्या रसीन गावात हिवाळ्यात गाडी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला लावली की दंडाची पावती ठरलेली. डेलला अशा इतक्या पावत्या मिळाल्या होत्या की बँडला दुसरं नाव सुचणंच शक्य नव्हतं.

आणि काय आवाज होता त्यांचा! टूची गिटार गरजायची नाही. जिन्यावरून काचेच्या गोट्या सांडाव्यात तसे सूर घरंगळत यायचे. तारा त्याने स्वतःच्याच हिशेबाने लावलेल्या. दुसऱ्या कुणाला त्या गिटारवर वाढदिवसाचं गाणंसुद्धा वाजवता आलं नसतं. डेल शेजारी बसून गुपित सांगावं तसा हळू गायला लागायचा आणि एकाएकी गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा. त्यात राग नसायचा. रडू आवरेनासं झालेलं पोर जसं ओरडतं, तसं ते ओरडणं. या दोघांना बांधून ठेवायची ती मार्नी. कधी पाच मात्रा, कधी सात; ऐकणाऱ्याचा पाय चुकायचा, तिचा हात कधी नाही.

असल्या भावनांनी ओथंबलेल्या संगीताला लोक 'इमो' म्हणत. तो शब्द काढला की डेल भडकायचा.

"आपण काय रडूबाई आहोत?"

"तू आहेस," मार्नी म्हणायची. "आम्ही दोघं साथीला."

एक गंजकी व्हॅन घेऊन ते मॅडिसनला गेले, डे मॉइनला गेले. लोकांच्या तळघरांत वाजवलं, चर्चच्या हॉलमध्ये वाजवलं. छत इतकं बुटकं की मार्नीच्या काठ्या पाइपांवर आपटायच्या, आणि गर्दीच्या घामाने भिंती ओल्या व्हायच्या. डे मॉइनला माइक बंद पडला. डेल नुसतेच ओठ हलवत राहिला आणि पुढच्या रांगेतल्या पोरांनी त्याचं गाणं उचललं. एकजण, मग दहा, मग सगळं तळघर! ते गाणं 'स्वयंपाकघरातला फोन'. डेलचे वडील घर सोडून टेक्सासला निघून गेले, त्यावरचं. त्यातली एक ओळ पोरं मुठी आवळून म्हणत: "वर्षभर फोन वाजलाच नाही." मार्नीच्या अंगावर असा काटा आला की तिने ड्रमचं कातडंच फोडलं.

एक अल्बम निघाला. मग टू इंजिनिअरिंगसाठी मिनिआपोलिसला गेला, डेलचा गळा बसला, आणि भांडणतंटा न होता बँड संपला. मार्नी बेकरीत लागली. पहाटे उठून क्रिंगल या गोड पावाचं पीठ लाटायचं, त्यात अक्रोडासारखे पेकन भरून मोठाली गोल वेटोळी करायची. लग्न झालं, मोडलं. ड्रम आईच्या घरी चादरीखाली गेले.

वीसेक वर्षांनी बेकरीत फोन आला. तिचे हात पिठात होते. फोन खांद्यावर धरून ती "हॅलो" म्हणाली.

"विंटर पार्किंगच्या मार्नी ना?"

"हो हो, हलवते गाडी, पावती फाडू नका, दोन मिनिटं द्या!"

पलीकडची बाई खो खो हसायला लागली. मिलवॉकीच्या उन्हाळी जत्रेसाठी ती बँड ठरवत होती. तो जुना अल्बम इंटरनेटवर कुणा पोरांना सापडला होता आणि देशभर पसरला होता. बेकरीत कुणाला पत्ता नव्हता, मार्नीलाही नाही.

टूने वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला. डेल मात्र नको म्हणाला. मार्नी क्रिंगल घेऊन त्याच्या घरी थडकली.

"बाबा परत आलेत," तो हळू आवाजात म्हणाला. "इथेच राहतात. मीच त्यांना आंघोळ घालतो. त्यांच्या देखत ते गाणं कसं म्हणू?"

"कुठलं गाणं?" आतल्या खोलीतून आवाज आला. डेलचा म्हातारा बाप, आर्ट, चालायचा आधार ढकलत दारात आला. "कान शाबूत आहेत माझे."

डेलला तोंड लपवावंसं झालं. मार्नीनेच ती फोनची ओळ सांगितली.

आर्ट खुर्चीत बसला. "ते खोटं आहे. मी दर रविवारी फोन करायचो. तुझी आई उचलायची आणि ठेवून द्यायची. तिचा दोष नाही. माझ्याच कर्माचं फळ होतं ते."

डेलची आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला विचारायची सोय नव्हती. डेल अंगणात जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने आत आला, क्रिंगलचा तुकडा मोडला आणि म्हणाला, "तालीम कधी?"

जत्रेच्या दिवशी जवळच्या सरोवराकडून वारा येत होता आणि ऊन अजून कडक होतं. मंचासमोर माणसांचा समुद्र. अल्बम निघाला तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं! मार्नी ड्रममागे बसली. तिने काठ्या वाजवून ताल दिला. टूच्या गिटारचे सूर गोट्यांसारखे सांडले आणि सगळं मैदान ओरडलं.

ती ओळ आली. हजारो गळे म्हणाले, "वर्षभर फोन वाजलाच नाही!" आणि त्यांच्या वरून, फुटक्या आवाजात, डेल ओरडला, "वाजला होता! वाजला होता!"

तालमीत त्याने हे कधीच म्हटलं नव्हतं. मार्नीचा हात आयुष्यात पहिल्यांदा मात्रा चुकला. टूने वळून पाहिलं. ती रडत होती, हसत होती, आणि मग तिने असे काही ड्रम बडवले की मंचाच्या फळ्या थरथरल्या. पोरांना काय कळलं कोण जाणे. पुढच्या फेरीला निम्मं मैदान डेलच्या बाजूने ओरडत होतं.

गाणी संपल्यावर ती मंचामागे धावली. आर्ट कानात कापूस घालून बसला होता.

"ऐकू आलं का?" तिने ओरडून विचारलं.

"ढोल आला ऐकू," तो डोळे पुसत म्हणाला. "बाकी काही ऐकू दिलंस का तू?"

तेवढ्यात जत्रेवाली बाई धापा टाकत आली. शिकागोहून विचारणा होती, पुढच्या महिन्यात तिकडे वाजवायची. डेलने तोंड उघडलं, टू खिशातला फोन काढून तारखा बघू लागला. मार्नीच्या तळव्यांना फोड आले होते.

"येतो म्हणून सांगा!" ती म्हणाली.