पट्ट्यांची पूजा

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक पंप आहे. तो टाकीतलं खारं पाणी पाइपांमधून गोल गोल फिरवतो, आणि मधल्या काचेच्या नळीत बोटभर लांबीच्या पोलादी पट्ट्या टांगलेल्या असतात. पाणी जितकं जोरात, तितकं पोलाद लवकर झिजतं. महिनाभराने पट्ट्या काढायच्या, वाळवायच्या आणि वजन करून झीज काढायची. एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

हे सगळं शिकवलं काकांनी. ते तिथले जुने तंत्रज्ञ, ओरछा गेटजवळच्या जुन्या मराठी घरातले. सगळे त्यांना पंडितजी म्हणत. माझे वडील इथून जवळच बबिन्याच्या छावणीत, फौजेत होते, म्हणून मी इथली झाले. या हिंदी मुलखात, अख्ख्या कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दिवसभर तोंडाला कुलूप म्हणून नसे.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांना हळदकुंकू लावतात. मला उत्साह नको तिथे फार. पंपाला लावलं, तराजूला लावलं आणि वजनासाठी काढून ठेवलेल्या पट्ट्यांनाही एकेक ओलं बोट टेकवलं. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तर प्रत्येक पट्टीवर गंजाचा ठिपका. महिन्याचं काम वाया गेलं.

"अगं बेटा, हे काय केलंस?" काका पुटपुटले. तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख सर आत आले. काकाच पुढे झाले.

"सरजी, पूजा मैंने की. गलती मेरी है."

मी मूग गिळून उभी राहिले. निवृत्तीनंतर काका वर्षावर्षाच्या करारावर होते. त्या वर्षी सरांनी करार पुढे चालवला नाही, आणि काका मुलाकडे पुण्याला गेले.

मला त्यांची फार आठवण येते. डबा उघडला की मराठीत काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि समोर कोणी नसतं. त्यांनाही तिथे करमत नाही. दर सोमवारी दुपारी फोन करतात. "इथे सगळे मराठीच, पर माझी मराठी ऐकून हसतात गं. जरा पंप ऐकव." मी फोन पंपाजवळ धरते.

गेल्या महिन्यात म्हणाले, "बेटा, सरांना विचार ना, मला परत बोलावतील का? नुसता स्टुलावर बसून राहीन."

विचारायचं तर आधी खरं सांगावं लागेल. तेव्हापासून दर सोमवारी त्यांचा एकच प्रश्न असतो, सर काय म्हणाले? सर शेजारच्या खोलीत बसलेले असतात. मी सांगते, "काका, सर अजून सुट्टीवर आहेत."