पायाची नक्कल

पाचवीत असताना मी आमच्या अख्ख्या टोलीच्या, म्हणजे वस्तीच्या, नकला करायचो. सगळ्यात फर्मास जमायची ती शेजारच्या मोठीमायची. धानाच्या रोवण्याला बायांची टोळी तीच न्यायची. कमरेवर हात ठेवून ओरडायची, "वाकत काऊन नाही व, कंबर भाड्यानं आणली का?" अन् एक पाय आखूड, म्हणून चिखलात झुलत चालायची.

एकदा ती धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, आणायला गेली अन् बाया शेताच्या धुऱ्यावर न्याहारी करून राहिल्या होत्या. मी तिचा आवाज काढला, मग पाय आखूड करून धुऱ्यावरून झुलत गेलो. बायांना हसून हसून ठसका लागला. एकटी माझी माय हसली नाही.

संध्याकाळी तिनं मला मोठीमायच्या अंगणात उभं केलं. म्हणे, सकाळी केलं ते हिच्यासमोर कर. मी आवाज काढला. मोठीमाय खुदकन हसली.

माय म्हणाली, "आता पायाची कर."

माझा पाय उचलेना. मोठीमायच म्हणाली, "कर ना रे पोट्ट्या, मी काई म्हणत नाही." तिनं असं म्हटल्यावर तर मला मान वर करता येईना.

घरी येताना माय एवढंच बोलली, "जे तिच्या तोंडावर करता येत नाही, ते मागं बी नाही करायचं."

आता मी गोंदियात कापडाच्या दुकानात आहे. तिथं सेठची नक्कल करतो. राग आला की सेठची जीभ अडकते. दुकानातली पोरं रोज म्हणतात, ते अडकणं बी कर ना यार. ते मी करत नाही.

मागच्या महिन्यात कोणीतरी चुगली केली. सेठनं सगळ्यांसमोर बोलावलं. नोकरी गेली असंच मी धरून चाललो. तो म्हणाला, "सुना है मेरी नकल करता है. कर."

मी केली. थान उलगडणं, चष्म्यावरून पाहणं, "बहनजी, रंग की गारंटी मेरी", सगळं, रोज मागं करतो तेवढंच. सेठ हसला नाही. विचारलं, "और मैं अटकता हूँ, वो?"

"वो नहीं करता, सेठजी."

त्यानं पोरांकडं पाहिलं. पोरं खाली पाहू लागली.

"का... का... काउंटर पे जा," सेठ म्हणाला.

मी गेलो. गिऱ्हाईक थांबलं होतं.