तुळशीरामची मिशी

साखऱ्याच्या जत्रेत गावातलीच माणसं नाटक करायची आणि राणीचं काम नेहमी तुळशीरामकडे असायचं. राणीला मिशी चालत नाही, म्हणून विसाव्या वर्षापासून त्याने मिशी ठेवलीच नाही. सासुरवाडीला लोक हसायचे. "माझ्यापेक्षा तुमालाच लुगडं शोभतं," असं बायको गयाबाई म्हणायची, पण नाटकाचं हिरवं लुगडं धुऊन, घडी घालून तीच ठेवायची.

मी गावच्या शाळेत शिकवते; माझ्या रोजनिशीप्रमाणे शेवटचं नाटक १२ फेब्रुवारी २०१९ ला झालं. पुढे जत्रेत डीजे येऊ लागला. तुळशीराम मात्र रोज सकाळी ओसरीत आरसा टांगून मिशी काढत राहिला. बोलावणं कधी येईल सांगता येत नाही, म्हणायचा.

यंदा नाटक पुन्हा ठेवा म्हणायला तो स्वतःच जत्रा कमिटीकडे गेला. "बाबा, आता राणी न्हाई, राणीची आजी दिसताल," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोही हसला, असं साजीद शिंप्याने मला सांगितलं.

जत्रेनंतर पंधरा दिवसांनी मी त्याच्या घरी गेले. ओठावर पांढरी मिशी आली होती.

"हे काय, तुळशीराम?"

"आता कोण पाहून राहिलं, बाई?"

गयाबाईने हिरवं लुगडं गोधडीसाठी फाडायला घेतलं होतं. दुसरं टोक त्यानेच धरलं होतं.