कीवा की क्वीवा

आयर्लंडमधल्या डिंगलच्या पश्चिमेला रस्ता संपतो आणि पुढं नुसता समुद्र उरतो, त्या टोकाच्या गावात गॉबनेट जन्मली. त्या भागात हे नाव घराघरात. शाळेत तिच्या वर्गातच तिघी गॉबनेट होत्या, त्यामुळं बापाचं नाव मागं लावून हाक मारायची रीत होती. ही गॉबनेट मिक. पुढं लग्न झालं, केस पांढरे झाले, तरी गावाला ती गॉबनेट मिकच राहिली.

मोठी झाल्यावर ती शाळेची छोटी बस चालवायला लागली. हॉर्न तिनं कधी वाजवला नाही. हॉर्न मेंढरांसाठी असतो, पोरांना नावं असतात, असं तिचं म्हणणं. दारापुढं गाडी उभी करायची, काच खाली करायची आणि हाक द्यायची. "टाइग! बूट गाडीत घाल, पण ये!" "साइव्ह, अगं भाकरी हातात घे आणि पळ!" वारा कुठूनही असो, तिची हाक परसात बटाटे काढणाऱ्या म्हाताऱ्यालाही ऐकू जायची. नाव मात्र ती नीट, पूर्ण घ्यायची. कुणाचं नाव तोडलेलं किंवा वाकडं केलेलं तिला खपायचं नाही.

यूनन तिला भेटला तो एका बिघडलेल्या इंजिनामुळं. पार उत्तरेकडच्या डोनेगलची एक मासेमारी बोट डिंगलच्या धक्क्याला येऊन अडकली होती. शनिवारी हॉलमध्ये नाच होता, तिथं बोटीवरचे खलाशीही आले. त्यातला एक उंच, किडकिडीत, लाल कानांचा पोरगा सरळ तिच्या टेबलापाशी येऊन बसला.

"तुझं नाव काय?"

"गॉबनेट."

"नाव विचारलं मी."

"नावच सांगितलं."

तो हसायला लागला. त्याच्या गावाकडं हे नाव कुणी ऐकलंच नव्हतं. इंग्रजीत गॉब म्हणजे थोबाड आणि नेट म्हणजे जाळं, एवढंच त्याला सुचलं. "लहानपणापासून मासे धरतोय," तो म्हणाला, "पण थोबाडाचं जाळं पहिल्यांदा बघितलं."

"मग जपून. अडकशील. आणि तुझं नाव?"

"यूनन."

असलं नाव तिनंही कधी ऐकलं नव्हतं. त्यानं टेबलावर सांडलेल्या बिअरमध्ये बोट बुडवून एकेक अक्षर लिहायला घेतलं. ए, डी, एच, ए, एम, एच, आणि पुढं अजून होतंच. तिनं आपल्या पद्धतीनं वाचलं, "आयनॉन."

"यूनन."

"यात यू कुठाय?"

"डोनेगलला ये, दाखवतो."

इंजिन दुरुस्त झालं, बोट गेली, आणि महिन्याभरात यूनन एकटाच पिशवी खांद्यावर टाकून परत आला. डिंगलच्या एका बोटीवर त्याला काम मिळालं. पुढच्या वसंतात दोघांचं लग्न झालं. दोघांची मायबोली आयरिशच, पण हिची दक्षिणेची, त्याची उत्तरेची. गॉबनेटची आई लग्नातच शेजारणीला म्हणाली, "जावई गुणाचा आहे गं, पण बोलायला लागला की वाटतं, बकरी सुकं गवत चघळतेय." यूननच्या कानावर ते गेलं. त्यानं सासूच्या पुढ्यात जाऊन "बँ" केलं आणि म्हातारीनं तेव्हापासून त्याला काही कमी पडू दिलं नाही.

मुलगी झाली तेव्हा खरी पंचाईत झाली. नाव दोघांनी मिळूनच ठरवलं होतं. लिहायला ते एकच: सी, ए, ओ, आय, एम, एच, ई. अर्थही एकच, लाघवी, जीव लावावा अशी. पण डोनेगलमध्ये ते म्हणतात कीवा, आणि गॉबनेटच्या गावात म्हणतात क्वीवा. समोरचा आपल्या वळणावर येईल असं दोघांनीही धरून चाललं होतं, आणि त्यावर बोलणं मात्र टाळलं होतं.

बाप्तिस्म्याला चर्च भरलं होतं. फादर मुइरिशनी पाण्याच्या कुंडापाशी विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंय?"

"कीवा," यूनन म्हणाला.

"क्वीवा," गॉबनेट त्याच दमात म्हणाली.

फादर थांबले. मागच्या बाकावर कुणीतरी खोकला आल्याचं सोंग केलं. "लिहायचं तर एकच ना?" फादरनी हळूच विचारलं. दोघांनी मान हलवली. "मग झालं. देवाला वाचता येतं." आणि त्यांनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं. तोंडातल्या तोंडात ते काय पुटपुटले ते कुणालाच धड ऐकू आलं नाही.

मग वर्षानुवर्षं घरात हेच. "माझ्या पोरीला डुकराचं पिल्लू समजलीस का? क्वी, क्वी!" यूनन चिडवायचा. गॉबनेट चुलीपुढून वळूनही बघायची नाही. "तुझं की-की ऐकून छपरावरचे सगळे सीगल खाली उतरलेत. त्यांनाच जेवायला वाढते आता." भांडण कधी चढायचं नाही, पण मिटायचंही नाही. गावात कीवा म्हणणारा तो एकटा होता, आणि म्हणूनच तो हटत नव्हता. त्याचं गाव, त्याची आई, त्याचा किनारा, यातलं त्याच्यापाशी एवढंच उरलं होतं. गॉबनेटला हे कळत नव्हतं असं नाही. पण हट्टाला ती त्याच्याइतकीच खमकी. कीवा हा उच्चार चुकूनही तिच्या जिभेवर आला नाही, थट्टेतसुद्धा नाही.

पोरीला याचं काहीच वाटायचं नाही. शाळेत बाईंनी विचारलं, "अगं, तुझं नाव नक्की कसं म्हणायचं?" तेव्हा ती म्हणाली, "घरात असले तर क्वीवा, धक्क्यावर असले तर कीवा." दोन्ही हाकांना ती सारखीच धावत जायची. शिकून ती जनावरांची डॉक्टर झाली आणि कॉर्कला राहायला गेली.

यूनन साठीला टेकला होता तेव्हा ते झालं. ऑक्टोबरातली सकाळ. धक्क्यावर बसून तो जाळं सांधत होता, आणि सुई हातातून गळून पडली. ती उचलायला वाकला तो तसाच आडवा झाला. बरोबरच्यांनी लगेच दवाखान्यात हलवलं म्हणून जीव वाचला. पण उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. सगळं गेलं, एक सोडून. "च्यायला." एवढाच शब्द कसा कोण जाणे मागं राहिला होता. चहा हवा, च्यायला. पाय दुखतो, च्यायला. फादर प्रार्थना म्हणायला आले, च्यायला. फादर म्हणाले, "देवाला समजतं रे," आणि डोळे पुसत बाहेर गेले.

घरी आणल्यावर आठवड्यातून एकदा एमर नावाची तरुण स्पीच थेरपिस्ट यायला लागली. पूर्वेकडच्या विकलोची पोरगी, हसऱ्या चेहऱ्याची, कितीही वेळ बसणारी. ती चित्रं दाखवायची. कप, बोट, कुत्रा. शब्द अडला की त्याचा पहिला आवाज आपल्या ओठांवर करून द्यायची. "डोक्यात शब्द असतो हो," ती गॉबनेटला म्हणाली, "दार तेवढं सापडत नाही. पहिला आवाज दिला की कधीकधी दार उघडतं." मग तिनं विचारलं, "यांना सगळ्यात जवळचं नाव कुठलं?"

"आमची क्वीवा," गॉबनेट म्हणाली.

तेव्हापासून दरवेळी शेवटी मुलीचा फोटो निघायचा. गमबूट घातलेली, एका वासराच्या गळ्यात हात टाकून उभी. एमर ओठांचा चंबू करून म्हणायची, "क्वी..." यूनन फोटोकडं बघायचा, तिच्या ओठांकडं बघायचा, कपाळाला आठ्या घालायचा आणि खिडकीकडं तोंड फिरवायचा. नाताळ आला, गेला. कप आला, कुत्रा आला, मुलीचं नाव काही येईना. रविवारी मुलगी स्वतः येऊन समोर बसायची, त्याचा हात हातात घ्यायची, आणि तो तिच्याकडं बघत नुसता रडायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी गॉबनेट बस घेऊन निघाली होती. एका वळणावर नवीन आलेलं कुटुंब राहत होतं. त्यांच्या पोराला तिनं हाक मारली, पोरगं जागचं हललं नाही. त्याची आई दारातून हसत म्हणाली, "गॉबनेट, घरी आम्ही त्याला तसं नाही हो म्हणत." तिनं आपला उच्चार करून दाखवला, आणि पोरगं उडी मारून गाडीत चढलं.

गॉबनेटनं गिअर टाकला, पण गाडी पुढं गेली नाही. मागून पोरं ओरडायला लागली, "चला की!" ती स्टिअरिंग धरून तशीच बसली होती. इतके महिने यूननला दार दाखवलं जात होतं ते तिचं होतं. त्या दारानं तो जन्मात कधी आत गेलाच नव्हता.

पोरांना शाळेत सोडल्यावर तिनं गाडी किनाऱ्याला लावली आणि रिकाम्या बसमध्ये तोंड उघडलं. "की," ती म्हणाली. आवाज बारीक, चोरटा निघाला. परत म्हणाली. आपलं कुणी ऐकत नाही ना म्हणून तिनं आरशात मागची बाकं बघितली, आणि तिला स्वतःचंच हसू आलं, मग रडू आलं.

घरी आली तेव्हा यूनन खुर्चीत होता. तिनं कोटही काढला नाही. कपाटावरचा फोटो घेतला, त्याच्यापुढं गुडघ्यावर बसली.

"यूनन, इकडं बघ. ही कोण?"

त्यानं बघितलं. नेहमीसारखं तोंड फिरवायला लागला.

"की..." ती म्हणाली.

तो थांबला. आधी त्यानं फोटोकडं नाही, तिच्याकडं बघितलं, हिनं हे काय म्हटलं म्हणून. मग त्याचे ओठ हलायला लागले. बराच वेळ नुसतेच हलले.

"...वा," यूनन म्हणाला. आणि मग अख्खं, "कीवा." आणि मग जोरात, धक्क्यावरून बोटीला हाक द्यावी तसं, "कीवा! कीवा! च्यायला!"

गॉबनेटनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि त्यानं डाव्या हातानं तिचे केस विस्कटले. नंतर तिनं कॉर्कला फोन लावून रिसीव्हर त्याच्या तोंडाशी धरला. पलीकडं आधी नुसता हुंदका ऐकू आला, आणि मग मुलगी म्हणाली, "बाबा, परत म्हणा."

एमरला दुसऱ्या दिवशी हे कळलं तेव्हा ती खुर्चीत टाळ्या पिटायला लागली. "मला आधी का नाही सांगितलंत हो?"

"सत्तावीस वर्षं मी त्यालाच सांगत होते की तो चुकतोय," गॉबनेट म्हणाली. "तुला कशी सांगणार?"

त्यानंतर शब्द येत गेले, पण जपून जपून. मीठ आलं, वारा आला, बांगडा आला. गॉबनेट हे नाव मात्र आलं नाही. एमरनं पुष्कळ प्रयत्न केले, शेवटी गॉबनेटच म्हणाली, "राहू दे गं, त्याला दमवू नकोस." इतक्या महिन्यांनी हातात आलेला कीवा हा शब्द यूननला इतका आवडला होता की तो सगळ्यांनाच तो लावायचा. नर्स कीवा, शेजारचा कुत्रा कीवा, आणि दिवसातून शंभरदा हाक मारायची ती बायकोही कीवाच. सुरुवातीला ती सुधारायला जायची. मग सोडून दिलं.

उन्हाळ्यात ती त्याला घराबाहेरच्या भिंतीपाशी उन्हात बसवायची. एकदा जुना शेजारी डोनल रस्त्यानं जात होता, तेवढ्यात यूनननं हाक दिली, "कीवा!" आणि स्वयंपाकघरातून गॉबनेट ओरडली, "आले रे!"

डोनल थबकला. "काय गं गॉबनेट मिक, या वयात नाव बदललंस?"

"बदललं. तुझ्या का पोटात दुखतंय?" पीठ लागलेले हात झटकत ती बाहेर आली. यूननच्या पायांवरची घोंगडी घसरली होती, ती तिनं नीट केली. त्यानं डाव्या हातानं खाली खाडीकडं बोट दाखवलं. बोटी परत येत होत्या आणि त्यांच्यामागं पक्ष्यांचा थवा.

"बांगडा," तो म्हणाला.

"बघते जाऊन," ती म्हणाली, आणि टोपली घेऊन धक्क्याकडं उतरायला लागली.