बाभळीचे काटे आणि सिमेंटचा निवडुंग

आमच्या भागात निवडुंग कोणी लावत नाही, तो असतोच. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाल्याच्या काठाला, नको तिथं. त्यामुळे राजूरच्या बाजूला नव्या वसाहतीत एका साहेबाच्या बंगल्यापुढे सिमेंटचे निवडुंग करायचे आहेत असं मिस्त्रीनं सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्या रेजा पोट धरून हसलो. रेजा म्हणजे बांधकामावर घमेली वाहणाऱ्या बाया. एकीनं तर विचारलंच, धुऱ्यावर फुकटचा पडला हाय, मंग सिमेंट कायले नासवता?

त्याला कारण होतं. साहेबानं कुठून कुठून तऱ्हेतऱ्हेचे निवडुंग आणून बागेत लावले होते. आमची काळी माती पावसाळाभर पाणी धरून बसते, सगळे मुळापासून सडले. साहेबही हट्टी. त्यानं एका परदेशी मासिकातलं पान फाडून ठेकेदाराच्या हाती दिलं, असे सात करून द्या म्हणाला, न सडणारे. चित्रातला निवडुंग माणसाहून उंच होता, दोन्ही हात वर केलेला.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. आम्ही तांड्यातले. आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरायचा, बापानं शेती धरली. कापसाची वेचणी सरली की तांड्यात हाताला काम नसायचं, म्हणून मी बांधकामावर आले. तीन वर्षं घमेलं वाहिलं. घागऱ्याच्या आरशांवर सिमेंट बसायचं ते पुसून पुसून कंटाळले. मनात एकच होतं, करनी धरायची. करनीनं सिमेंट-वाळूचा माल थापणारा तो मिस्त्री, बाकी सगळे हमाल. पण बाईनं करनी धरली तर भिंत फुगते असं आमच्या कामावर सर्रास बोलत, आणि बोलणारे हसतही नसत.

मिस्त्री म्हातारा होता, नेरकडचा. मितभाषी माणूस. त्याची भिंत म्हणजे ओळंबा लावून पाहावं, केसाचाही फरक नाही. पण तोच त्याचा घात झाला. सळ्या उभ्या करून, त्यांना जाळी गुंडाळून त्यानं पहिला निवडुंग थापला, तो थेट ओसरीचा खांब झाला. सरळसोट, गुळगुळीत, चारी बाजूंनी सारखा. आयुष्यभर हातानं वाकडं काही केलं नव्हतं, आता कसं जमावं! मला हसू आवरेना. मी जात्याच तोंडाळ. म्हटलं, मिस्तरी, याच्यावर आता छप्पर टाका.

तो रागावला नाही. त्यानं करनी माझ्यापुढे धरली. "तू कर," एवढंच म्हणाला.

मी केला. चूल घालताना माती जशी बोटांनी ओढतात तशी ओढत गेले. कुठं फुगवटा, कुठं खपली, उन्हाकडची बाजू जरा सुरकुतलेली. लहानपणापासून ढोरांमागं फिरताना जे पाहिलं ते हाताला ठाऊक होतं. संध्याकाळी ठेकेदार आला, झाडाभोवती दोनदा फिरला. मिस्त्रीनं त्याला स्पष्ट सांगितलं, की सातही हीच करेल, आणि साहेबाला पसंत पडले तर पुढं हिला मिस्त्रीचं काम द्यायचं. ठेकेदार म्हणाला, पसंत पडले तर. नाहीतर घमेलं आहेच, आणि तेही आपल्या कामावर नाही, असं वर बजावलं.

आता काट्यांची गोष्ट. मिस्त्रीचा बेत तारेचे तुकडे खोवायचा होता. मी म्हटलं, तार गंजते, एका पावसात झाडावरून तांबडे ओघळ येतील. आमच्या तांड्यात बाभळीच्या काट्यावाचून पान हलत नाही. पायातला काटा काढायला बाभळीचा काटा, पोरींचे कान टोचायला तोच, पत्रावळीला टाचणी म्हणून तोच. पांढरा, लांब, टोकदार, आणि फुकट. मिस्त्री म्हणाला, लाकूड हाय, पाण्यानं फुगन. मी कुठली ऐकते! माझाच हेका. दोन दिवस बाभळी झोडून टोपलीभर काटे आणले आणि ओल्या सिमेंटमध्ये एकेक खोवला. याडी, म्हणजे माझी आई, घागऱ्यावर आरसे बसवताना टाके घालायची, तशा सारख्या अंतरानं. सातही उभे राहिले तेव्हा एक शेळी लांबून वळसा घालून गेली. मला आभाळ ठेंगणं झालं.

सिमेंटला पाणी लागतं. आठ दिवस गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ भिजवत होते. नवव्या दिवशी गोणपाट सोडलं तर काटे त्याच्याबरोबरच निघून आले. उरलेले काळे पडून लोंबत होते. फुगून त्यांनी भोवतालचं सिमेंट तडकवलं होतं. सातही झाडांना देवी आल्यागत खड्डेच खड्डे. 

ठेकेदार तेवढ्यात आला. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, बाईच्या हातात करनी देऊ नका म्हणून सांगत होतो, अमुक न तमुक. मग विचारलं, हे काटे कोणाचं डोकं?

मी तोंड उघडणार तोच मिस्त्री पुढं झाला. "काटे म्यां लावाले सांगतले. झाडं तिची, काटे माहे."

मी गप्प राहिले. आज लिहायलाही लाज वाटते, पण गप्प राहिले. तोंडाळ म्हणून साऱ्या कामावर प्रसिद्ध असलेली मी, आणि तेव्हा शब्द फुटला नाही. करनी हातची जाईल, एवढंच डोक्यात होतं. ठेकेदार मिस्त्रीला म्हणाला, म्हातारा झालास, डोकं चालत नाही तुझं आता. उद्यापासून कळंबच्या रस्त्याला मोरीच्या कामावर जा, दगड रचायला. ज्या माणसानं ती सबंध वसाहत ओळंब्यात उभी केली, त्याला. झाडं दुरुस्त करायला मला चार दिवस दिले.

त्या चार दिवसांत मी सुईनं एकेक काटा उकरून काढला. बंगल्यातल्या फरशीच्या कामातलं पांढरं सिमेंट उरलं होतं. त्याची चिमूट प्रत्येक खड्ड्यात भरायची आणि बोटानं वर ओढून टोक काढायचं. बोटांची सालं निघाली. पण बारीक पांढरी टोकं अशी दिसायला लागली, की खरीखुरी. साहेबीण पाहायला आली, तळवा फिरवून पाहिला, टोचत नाही म्हणून खूश झाली. तिची धाकटी पोरगी त्या बागेत खेळायची. सातही पसंत पडले.

मी तशीच एसटी पकडून कळंब गाठलं. रस्त्याच्या कडेला मिस्त्री मोरीच्या खड्ड्यात गुडघाभर चिखलात उभा होता. मला पाहून त्यानं आधी विचारलं, पास झाले का? मी हो म्हटलं आणि मग मला रडूच कोसळलं. म्हटलं, मी बोलायला पाहिजे होतं, मिस्तरी. तुमच्या अंगावर का घेतलं? काहून?

त्यानं हातातला दगड नीट बसवला, मगच बोलला. "तू बोलली असती तं दोघंही गेलो असतो, पोरी. मले तं साठ वर्सं झाले. आता एक तं राह्यलं कामावर."

मी त्याच्या पाया पडले, तर पाय मागं घेतले, चिखलात हात कायले भरवतं म्हणाला. त्या माणसाचे उपकार माझ्यानं फिटले नाहीत, आणि फिटावेत असं मला वाटतही नाही. पुढं मी घरं बांधली, विहिरी बांधल्या, शाळेच्या भिंती केल्या. प्रत्येक पहिला थर टाकताना मनात त्याचं नाव घेतलं.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदारानं मला कुंपणाच्या भिंतीचं काम दिलं. मी परांचीवर चढले. खाली घमेलं घेऊन एक नवी बाई उभी होती, माझ्याकडे टक लावून बघत. पहिली वीट वाकडी बसली. मी ती काढली, पुन्हा बसवली. ओळंबा सोडून पाहिला. सरळ होती. तिला म्हटलं, माल दे.